मागच्या सीटवर ऐसपैस बसवणारी ‘प्रीमियर’ भारतात आणणारे वालचंद हिराचंद आणि त्यांचं सातारा-सांगलीशी असलेलं नातं

मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटलं की डोळ्यांसमोर प्रीमियर पद्मिनी येते. छोटीशी गाडी, पण मागचं दार उघडलं की आजी सीटवर सहज टेकायची, मग पाय आत घ्यायची. पुढे ड्रायव्हरच्या शेजारी दोघं, मागे तिघं आणि मांडीवर एखादं पोर, असा अख्खा संसार त्या गाडीतून लग्नाला जायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा अनेकांना घरातलंच कुणी गेल्यासारखं वाटलं.

ही गाडी ज्या कारखान्यातून बाहेर पडायची, त्याचा पाया घालणाऱ्या माणसानं मात्र ती रस्त्यावर धावताना कधीच पाहिली नाही. तिचं मूळ मॉडेल जगासमोर आलं आणि जेमतेम महिनाभरात तो माणूस गेला. त्यांचं नाव शेठ वालचंद हिराचंद.

सोलापूरचा हा उद्योजक जहाज, विमान आणि मोटार या तिन्हींसाठी ब्रिटिश सरकारशी भांडला. त्याच्या या प्रवासात सातारा आणि सांगली ही दोन गावंही येतात, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

सोलापूरच्या पेढीतून रेल्वेच्या रुळांवर

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणं मूळचं सौराष्ट्रातलं, गुजराती बोलणारं दिगंबर जैन. वडील हिराचंद नेमचंद हे व्यापारी आणि जैन समाजातले सुधारक म्हणून ओळखले जात. वालचंद मुंबईला सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याला डेक्कन कॉलेजात शिकले, पण पदवी पूर्ण न करताच घरच्या व्यवसायात आले.

पेढीवर बसून सावकारी आणि व्यापार करण्यात त्यांचं मन रमेना. तेव्हा त्यांची गाठ पडली लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी. फाटक हे रेल्वेतले माजी कारकून, कामाची जाण असलेले, पण हाती भांडवल नसलेले. वालचंदांकडे पैसा उभा करण्याची ताकद होती. दोघांनी मिळून बार्शी लाइट रेल्वेचं एक छोटं काम घेतलं. येडशी ते तडवळ एवढाच तो टप्पा होता.

ही तीच अरुंद रुळांची बार्शी लाइट, जी पुढे वाढत वाढत १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचली आणि सांगली भागातल्या कित्येक पिढ्यांना पंढरपूरला घेऊन गेली.

त्या पहिल्या कामानं वालचंदांना रस्ता सापडला. पुढे भोर घाटातल्या रेल्वे बोगद्यांसारखी मोठी बांधकामं त्यांच्या कंपन्यांनी केली. १९२६ मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी आजही आहे.

आधी जहाज, मग विमान

पहिलं महायुद्ध संपल्यावर ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं एक जहाज विकायला निघालं होतं. नाव ‘लॉयल्टी’. वालचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते विकत घेतलं आणि १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी सुरू केली. ५ एप्रिल १९१९ रोजी ते जहाज मुंबईहून इंग्लंडकडे निघालं. आजही हा दिवस देशात राष्ट्रीय सागरी दिवस म्हणून पाळला जातो.

ब्रिटिश जहाज कंपन्यांनी भाडं पाडून ही कंपनी बुडवायचा चंग बांधला होता. सिंदिया टिकली. वालचंदांनी त्यातून एक धडा घेतला. दुसऱ्याचं जहाज विकत घेऊन चालवणं पुरेसं नाही, ते इथं बनवता आलं पाहिजे. विशाखापट्टणमच्या गोदीची कोनशिला १९४१ मध्ये राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली, आणि १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ‘जलउषा’ हे जहाज तिथून पाण्यात उतरलं.

विमानाचं तसंच. १९३९ मध्ये अमेरिकेहून परतताना प्रवासात त्यांची भेट विल्यम पॉली या अमेरिकन विमान उद्योजकाशी झाली. त्या ओळखीतून, म्हैसूर संस्थानाच्या साथीनं, डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. युद्धाच्या गरजेपोटी सरकारनं १९४२ मध्ये वालचंदांचा वाटा विकत घेतला आणि कारखाना त्यांच्या हातून गेला. आजची ‘एचएएल’ ती हीच.

पण ज्या अमेरिका दौऱ्यावरून ते परतत होते, त्याचं मूळ कारण विमान नव्हतंच. ते गेले होते मोटारीसाठी.

जुन्या मोटारीत चढणं म्हणजे एक कसरत

वालचंदांच्या तरुणपणी मोटार म्हणजे काय होतं, हे आधी समजून घ्यायला हवं.

सुरुवातीच्या मोटारी म्हणजे घोडा काढून इंजिन बसवलेली बग्गीच होती. खाली पोलादी पट्ट्यांची चौकट, ज्याला आपण चेसिस म्हणतो, आणि तिच्या वर लाकूड-पत्र्याची बॉडी. चौकट चाकांच्या वरून जायची, त्यामुळे गाडीचा तळ जमिनीपासून बराच उंच. म्हणून बाहेर फळीसारखी पायरी लागायची, तिला फूटबोर्ड म्हणत. आधी फूटबोर्डवर पाय, मग वाकून आत, मग वळून सीटवर. धोतर किंवा नऊवारी नेसलेल्या माणसाला ही कसरत कशी जमत असेल, याची कल्पना करून पाहा.

अमेरिकेत बनलेल्या फोर्ड मॉडेल टीच्या उघड्या गाड्यांना तर बरीच वर्षं ड्रायव्हरच्या बाजूला दारच नव्हतं, पत्र्यावर नुसता दाराचा आकार उठवलेला असायचा!

मालक मागे बसायचा, पण मागची सीट असायची थेट मागच्या आसावर. चाक खड्ड्यात गेलं की दणका सरळ पाठीच्या कण्याला. पुढची सीट ड्रायव्हरची आणि मागची मालकाची, पण जास्त धक्के मालकालाच.

यावर १९३४ मध्ये अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीनं एक उपाय काढला. ‘एअरफ्लो’ नावाच्या गाडीत त्यांनी इंजिन पुढे सरकवून पुढच्या आसावर आणलं. त्यामुळे सगळी बैठक पुढे सरकली आणि मागची सीट आसाच्या पुढे, दोन्ही चाकांच्या मधल्या भागात आली. झोपाळ्याच्या टोकाला बसण्यापेक्षा मधोमध बसलं की हिसका कमी लागतो, तसंच हे. दिसायला विचित्र म्हणून ती गाडी फारशी खपली नाही, पण बसण्याची ही मांडणी पुढे सगळ्यांनीच उचलली.

त्यानंतर १९३५ ते १९५० या काळात क्रायस्लरचे अध्यक्ष होते के. टी. केलर. त्यांचा हट्ट असा की गाडीत बसताना माणसाला डोक्यावरची हॅट काढावी लागू नये. बाकीच्या कंपन्या गाड्या बुटक्या आणि लांबुळक्या करत होत्या, तेव्हा क्रायस्लरच्या प्लायमाउथ, डॉज, डिसोटो या गाड्यांचं छप्पर उंच राहिलं. १९४९च्या मॉडेलमध्ये सीटची उंची जवळजवळ घरातल्या खुर्चीइतकी ठेवली होती.

याचा फायदा साधा आहे. सीट फार खाली असली तर बसताना माणूस धपकन पडतो आणि उठताना गुडघ्यांवर जोर येतो. सीट खुर्चीइतकी उंच असली की आधी टेकायचं आणि मग पाय आत घ्यायचे, बस्स. वर छप्पर उंच असेल तर मानही वाकवावी लागत नाही. टीकाकारांनी या गाड्यांना ठोकळे म्हटलं. पण पगडी, फेटा, पदर, गांधी टोपी सांभाळून बसणाऱ्या देशाला असले ठोकळेच हवे होते.

साताऱ्याचे कूपर, मुंबईचं मंत्रिमंडळ आणि मोटारीचं स्वप्न

इथं साताऱ्याचा संबंध येतो.

साताऱ्यात धनजीशा बोमनजी कूपर नावाचे पारशी उद्योजक होते. त्यांनी १९२२ मध्ये साताऱ्यात लोखंडी नांगरांचा कारखाना काढला. या कारखान्याच्या उभारणीत कर्मवीर भाऊराव पाटील यांचाही मोठा वाटा होता, पुढे त्यांचं कूपर यांच्याशी बिनसलं. कूपर राजकारणातही होते. १९३७ मध्ये काँग्रेसनं सुरुवातीला सत्ता घ्यायला नकार दिला, तेव्हा मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान म्हणून धनजीशा कूपर यांनी शपथ घेतली. त्या काळी मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणत. हे सरकार जुलै १९३७ पर्यंत, साडेतीन महिनेच टिकलं.

त्यांच्यानंतर बाळासाहेब खेर यांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या कित्येक वर्षं मुंबईत मोटार कारखाना काढण्याची योजना घेऊन फिरत होते. खेर सरकारनं तिला पाठबळ द्यायची तयारी दाखवली आणि वालचंद ही योजना प्रत्यक्षात आणायला पुढे सरसावले.

देशात मोटारी जोडल्या जात नव्हत्या असं नाही. जनरल मोटर्सनं १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली होती, फोर्डही होती. पण सुटे भाग खोक्यांत भरून परदेशातून यायचे, इथं नुसते नट-बोल्ट आवळले जायचे. गाडी बनवायची विद्या आणि नफा दोन्ही परदेशातच राहायचं. वालचंदांना हेच मोडायचं होतं. कारखाना भारतीय मालकीचा हवा आणि हळूहळू एकेक भाग इथंच घडला पाहिजे.

१९३९ मध्ये ते अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी झाली, पण भारतातला फोर्डचा धंदा त्यांच्या कॅनडातल्या कंपनीकडे होता आणि तिनं दाद दिली नाही. जनरल मोटर्सशीही जुळलं नाही. शेवटी क्रायस्लर तयार झाली आणि १९४० मध्ये करार झाला.

म्हणजे खुर्चीसारख्या सीटच्या गाड्या वालचंदांनी बैठक पाहून निवडल्या नव्हत्या. भारतीय मालकी मान्य करणारी कंपनी तेवढी एकच मिळाली, आणि नेमकी तीच कंपनी मागे बसणाऱ्याच्या सोयीचा सर्वात जास्त विचार करणारी निघाली.

सरकारचा नकार

करार हातात होता, पण दिल्लीचं ब्रिटिश सरकार ढिम्म. मोटार हा काही युद्धाला लागणारा उद्योग नाही, असं कारण पुढे केलं गेलं. यंत्रं आणण्यासाठी डॉलर लागत होते, ते मिळेनात. लष्कराला हजारो ट्रक लागत होते, पण इथल्या कारखान्याकडून ते घेण्याची हमी द्यायला सरकार तयार नव्हतं. खेर मंत्रिमंडळानं युद्धाच्या प्रश्नावर १९३९ मध्येच राजीनामा दिला होता, त्यामुळे मुंबईचाही आधार गेला होता.

याच सुमारास, १९४० मध्ये, साताऱ्याचा कूपर इंजिनिअरिंग कारखाना वालचंद समूहाच्या ताब्यात आला. नांगर, उसाचे चरक, डिझेल इंजिनं बनवणारा हा कारखाना. ओतकाम जाणणारे कारागीर, लेथवर हात बसलेली माणसं तिथं होती. मोटार कारखान्याला परवानगी मिळत नव्हती, तेव्हा साताऱ्यात मात्र शेतकऱ्याच्या विहिरीवरचं इंजिन धडधडत होतं. शेतीच्या अवजारांपासून इंजिनापर्यंत जाता येतं, हे साताऱ्यानं आधीच दाखवून दिलं होतं.

वालचंदांनी नाद सोडला नाही. युद्ध संपण्याआधी, १९४४ मध्ये, त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीची स्थापना केली. मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, डिसोटो, प्लायमाउथ या मोटारी आणि त्याच घराण्यातले ट्रक. सुरुवातीला त्याही बाहेरून आलेल्या भागांतूनच जोडल्या जात होत्या. फरक एवढाच की मालकी इथली होती आणि एकेक भाग इथं करण्याचा निश्चय होता.

मोठी गाडी परवडेना, मग छोटी आली

डॉज, प्लायमाउथ या गाड्यांत मागे बसणं म्हणजे दिवाणखान्यात बसणं. पण त्या पेट्रोल भरपूर प्यायच्या आणि किंमतही डॉक्टर, वकील, कारखानदारांनाच परवडणारी होती. सामान्य माणसाला छोटी गाडी हवी होती.

म्हणून १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रीमियरनं इटलीच्या फियाट कंपनीशी हातमिळवणी केली. आधी आलेली फियाट ५०० फारच चिमुकली. दोन दारं, मागे नीट बसायला जागा नाही. खरी गोष्ट बदलली ती फियाट ११०० या मॉडेलनं.

मार्च १९५३ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात फियाटनं नवी ११०० मांडली. इंजिन अवघं १०८९ सीसी, लांबी पावणेचार मीटरच्या आसपास, पण दारं चार. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिला वेगळी चेसिसची चौकट नव्हती. बॉडी आणि सांगाडा एकच. त्यामुळे गाडीचा तळ खाली आणता आला आणि फूटबोर्डची गरजच उरली नाही. रस्त्यावरून सरळ आत पाय टाकता येऊ लागला.

गिअरचा दांडा जमिनीवर नव्हता, स्टिअरिंगच्या खाली होता. त्यामुळे पुढे सलग बाकासारखी सीट बसली आणि ड्रायव्हरशेजारी दोघांची सोय झाली. मागे छप्पर बऱ्यापैकी उंच, पाठ सरळ. अडचण एकच. इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, म्हणून मधून जाणाऱ्या दांड्यासाठी तळाला उंचवटा. मागे मधोमध बसणाऱ्याला दोन बाजूंना दोन पाय टाकून बसावं लागायचं. घरातल्या सगळ्यात लहान मुलाची ती हक्काची जागा!

सुरुवातीच्या ११००ची पुढची दारं उलटी उघडायची. बिजागरं मागच्या बाजूला असल्यानं बसायला सोपं जायचं, पण धावत्या गाडीत कडी निसटली तर वाऱ्यानं दार उघडून माणूस बाहेर फेकला जाण्याची भीती. सोय आणि सुरक्षितता यांत शेवटी सुरक्षितता जिंकली. १९६४ मध्ये आलेल्या ‘डिलाइट’ मॉडेलला नेहमीसारखी दारं होती. याच डिलाइटचं नाव बदलत बदलत १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ झालं.

हिंदुस्थान मोटर्सच्या अँबेसिडरमध्ये मागे जागा याहून जास्त होती, हे खरंच. पण शहरातल्या गल्ल्यांत वळणारी, कमी पेट्रोल पिणारी आणि तरीही कुटुंबाला पुरणारी गाडी म्हणून फियाटनं आपली जागा केली.

सांगलीत उरलेलं नाव

वालचंदांना हे काही पाहायला मिळालं नाही. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ते हळूहळू कामातून बाजूला झाले. पत्नी कस्तुरबाईंनी शेवटपर्यंत त्यांची सेवा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूर इथं त्यांचं निधन झालं. जिनिव्हात फियाट ११०० लोकांसमोर आली त्याला तेव्हा महिनाच उलटला होता.

त्याच वर्षी भारत सरकारनं ठरवलं की ज्यांना गाडीचे भाग इथं बनवायचे असतील त्यांनीच इथं राहावं, नुसती जोडणी चालणार नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. वालचंद ज्या गोष्टीसाठी १९३९ पासून झगडत होते, तेच आता देशाचं धोरण झालं होतं. १९५४ पासून कुर्ल्यातून नवी ११०० बाहेर पडू लागली.

आणि सांगली? तिथं धोंडूमामा साठे यांनी १९४७ मध्ये न्यू इंजिनिअरिंग कॉलेज सुरू केलं होतं. उत्साह दांडगा, पण पैशाची चणचण. १९५५ मध्ये वालचंदांच्या नावाच्या ट्रस्टनं कॉलेजला हात दिला आणि त्याचं नाव झालं वालचंद कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग. विश्रामबागेतल्या या कॉलेजातून बाहेर पडलेले इंजिनिअर आज देशभरातल्या कारखान्यांत आहेत.

ज्या माणसानं स्वतः पदवी पूर्ण केली नाही, त्याच्या नावानं दरवर्षी शेकडो मुलं पदवी घेतात. ज्या माणसानं मोटार कारखान्यासाठी आयुष्यातली दहा-बारा वर्षं घालवली, त्याला त्या कारखान्याची सर्वात लाडकी गाडी पाहता आली नाही.

वालचंद गाडीचे डिझायनर नव्हते. उंच छप्पर डेट्रॉइटचं आणि चार दारांची आखूड बॉडी इटलीतली. पण ती बैठक इथल्या माणसाच्या वाट्याला यावी, आणि ती इथल्या कामगारांच्या हातून घडावी, यासाठी त्यांनी सरकारशी झुंज घेतली. एखाद्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात पद्मिनी किंवा जुनी डॉज दिसली, तर बॉनेटकडे जाण्याआधी तिचं मागचं दार उघडून पाहावं. सीट किती उंच आहे, छप्पर डोक्यापासून किती वर आहे, आणि आत शिरायला किती कमी वाकावं लागतं, ते लगेच कळतं.